पोटाला बांधलेली बाटली

पोटाला बाटली बांधून नोकरीवर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब बघा, तोच माझा साहेब निघाला.

मुलाखतीच्या दिवशी मी बीएस्सीचं सर्टिफिकेट छातीशी धरून त्यांच्या टेबलापुढे उभी होते. सरांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शर्टाची मधली दोन बटणं काढली, आत हात घातला आणि एक चपटी बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. "कोमट आहे का बघा." मी हबकलेच! बावीस वर्षांची रेल्वे क्वार्टरमधली मुलगी मी, परक्या माणसाच्या पोटावरची बाटली हातात घेऊन उभी. आतल्या पाण्यात सायीच्या रंगाच्या तीन पट्ट्या होत्या, अंगठ्याएवढ्या रुंद. "आहे," मी म्हटलं. "मग उद्यापासून या." झाली मुलाखत. बाहेर येऊन मी आधी नळाखाली हात धुतले.

ती वर्षंच तशी होती. हैदराबादच्या बाहेर, जिथे काल बोरीबाभळी होत्या तिथे आज कंपनीची पाटी. अमेरिकेहून परतलेला कुणाचा तरी मुलगा आणि एक जनरेटर, एवढ्यावर कारखाना उभा राहायचा. आमचे मालक असेच, तेलुगू, तिशीतले, कमरेला मोबाइल लावणारे. त्यांनी सरांना सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होता होता उचलून आणलं होतं. सर मूळचे परभणीकडचे. सगळी हयात त्यांनी प्लास्टिक कसं टिकवायचं हे शोधण्यात घालवली होती आणि आता त्यांना विरघळणारं प्लास्टिक बनवायचं होतं.

खांद्यातला स्नायू हाडाला एका दोरीसारख्या पट्ट्यानं बांधलेला असतो. तो फाटला की हात वर जात नाही. डॉक्टर शिवतात, पण शिवण पुन्हा उसवते. आमची पट्टी त्या शिवणीवर लावायची. बारा आठवडे तिनं घट्ट धरून ठेवायचं, तोवर आतली दोरी जुळून येते, आणि मग पट्टीनं आपल्या आपण शरीरात विरघळून जायचं. "चांगल्या पाहुण्यासारखं," सर म्हणायचे. "कामाला थांबायचं, जेवायला नाही."

पट्टी किती टिकते हे बघण्यासाठी आमच्या लॅबमध्ये सदतीस डिग्रीवर ठेवलेली पाण्याची टाकी होती. शरीराची ऊब तेवढीच. त्यात पट्ट्या बुडवून ठेवायच्या आणि दर आठवड्याला एक काढून मशीनवर तुटेपर्यंत ताणायची. मग पोटावरच्या बाटलीची गरज काय? मी एकदा विचारलं.

"टाकी विजेवर चालते," सर म्हणाले. "पोटाला लोडशेडिंग नसतं."

"पण सर, आपल्याकडे जनरेटर आहे की."

"असेल. पोटाला तोही लागत नाही."

सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, जुन्या परकराचा पट्टा शिवून दिला होता, त्यात ती बाटली. आंघोळीपुरती काढायचे म्हणे. मी म्हटलं, हा माणूस वेडा आहे. सगळी कंपनी तेच म्हणत होती.

वेडेपणाला सुमार नव्हता. हातात येईल ते सर ताणून बघायचे. बुटाची नाडी, डब्यातली पोळी, शर्टाचं बटण. माझ्या नव्या कोऱ्या पर्सचा पट्टा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताणला आणि तोडला. मी रडकुंडीला आले, तर म्हणतात, "बरं झालं की हो! बसमध्ये तुटला असता तर पर्सच गेली असती." दुसऱ्या दिवशी बेगम बाजारातून जाड पट्ट्याची पर्स आणून दिली. इतकी कुरूप की ती चोरानंही घेतली नसती. वर त्यांचं ठरलेलं वाक्य: "ताणून बघावं. तोंडानं सगळेच मजबूत असतात."

आणि सगळ्यांना अहो-जाहो. मला, झाडूवालीला, मागच्या शेडमधल्या बकऱ्यांनासुद्धा. बकऱ्यांच्या खांद्यात आमच्या पट्ट्या बसवल्या होत्या. सर त्यांच्यापुढे वाकून म्हणायचे, "अहो, जरा पाय उचला. दुखतं का तुम्हाला?" बकरी त्यांच्या शर्टाची बाही चघळायची आणि सर ते चघळू द्यायचे.

मला बघायला नांदेडचे पाहुणे आले तेव्हा बाबांनी हौसेनं सरांना बोलावलं. म्हणाले, शिकलेला माणूस बैठकीत बसलेला बरा. सर आले, छान बोलले. मग पोह्यांची बशी घ्यायला वाकले आणि शर्टातून ती चपटी बाटली सटकन निसटली, मुलाच्या काकांच्या पायाशी जाऊन थांबली. अगदी दारूच्या क्वार्टरचा आकार. बैठक गार! सरांनी शांतपणे बाटली उचलली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "घाबरू नका. माझी नाही, कंपनीची आहे." पाहुणे पुन्हा दिसले नाहीत. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, जसं काही मीच प्यायले होते.

आता माझं सांगते. टाकीचं रजिस्टर माझ्याकडे होतं, लॅबची किल्लीही माझ्याकडे. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला तापमान बघून लिहायचं. रविवारीसुद्धा, असा सरांचा हुकूम. सिकंदराबादहून दोन बस बदलून, फक्त एक आकडा लिहायला! पहिल्या रविवारी आत्याकडे बारसं होतं. सोमवारी मी मागचा रकाना भरून टाकला, सदतीस. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. मग दुसरा रविवार, तिसरा. खरं सांगते, मी एकाही रविवारी गेले नाही. सोमवारी आलं की लॅबमधल्या फ्रिजखाली पाण्याचं तळं असायचं आणि आतलं दूध फाटलेलं. मी फरशी पुसायची, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला शिव्या घालायची आणि रविवारचं सदतीस लिहायची. इतकी कशी मी आंधळी, विचारू नका.

त्याच काळात बाबांचा खांदा गेला. बाबा रेल्वेत गार्ड होते. चालत्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाच्या शेवटच्या डब्यात, चढताना दांडा हातात धरलेला, पाय सटकला आणि सगळा भार उजव्या खांद्यावर. दोरी फाटली. रेल्वेनं अनफिट ठरवून त्यांना ऑफिसात फायली लावायला बसवलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. सव्वीस वर्षं हिरवी झेंडी दाखवून गाड्या सोडलेला माणूस तो, फायलींच्या गठ्ठ्यापुढे बसून घरी यायचा आणि जेवता जेवता डाव्या हातानं उजवा कोपर वर ढकलून बघायचा. "एकदा तरी झेंडी दाखवून मगच उतरायचंय गं," म्हणायचे. मला ते ऐकवायचं नाही.

बकऱ्या झाल्या होत्या, आता पहिला माणूस हवा होता. नामपल्लीच्या एका हॉस्पिटलातले सर्जन तयार होते. मीच बाबांना म्हटलं, "बारा आठवडे धरते बाबा. मी स्वतः मोजलंय." त्यांनी फॉर्म वाचलासुद्धा नाही. "तू मोजलंय म्हणल्यावर झालं की," म्हणाले आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

फक्त सर खूष नव्हते. त्यांच्या पोटावरची पट्टी सातव्या आठवड्यातच पापडासारखी तुटली होती. बकऱ्यांमधलीही साधारण तेव्हाच. आणि माझ्या टाकीतली मात्र बाराव्या आठवड्यालाही चिवट. मीटिंगमध्ये सर हेच घेऊन बसले तर मालक हसले. "सार, बकरी गरम जानवर है, जल्दी गलाती. और आपका पेट, सार, पेट है. लॅब इज लॅब." सगळे हसले. मीही हसले. रजिस्टर माझं होतं ना!

ऑपरेशन सोमवारी ठरलं. बाबा शनिवारीच भरती झाले. रविवारी दुपारी मी त्यांच्या डब्यासाठी मटार सोलत बसले होते, तर दारात सर. काखेत माझं रजिस्टर, शनिवारी लॅबमधून नेलेलं. आईच्या कपाळावर बाटलीची आठवण उमटली, पण तिनं पाणी दिलं. सर उभ्यानंच म्हणाले, "तुम्ही रविवारी लॅबला जाता ना?"

"जाते ना सर," मी म्हटलं. सवयीनं, पटकन.

"आज कोणता वार आहे?"

माझ्या मांडीवर मटाराची परात. हातातली शेंग मी न सोलताच परातीत टाकली.

सरांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे धरलं. "इतर वारी बघा. छत्तीस पॉइंट आठ, सदतीस पॉइंट दोन, सदतीस पॉइंट एक. आणि प्रत्येक रविवारी सदतीस पॉइंट शून्य. इतकं शहाणं पाणी मी जन्मात पाहिलं नाही." आवाज चढला नाही, एक वाकडा शब्द नाही. "किल्ली घ्या. चला."

रिक्षानं लॅबला पोचलो. मी लॅब उघडली आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही. सरांनी टाकीत कोपरापर्यंत हात घातला, लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसा, आणि तसाच ठेवला. मीही बोट बुडवलं. विहिरीच्या पाण्यासारखं गार! फ्रिजखाली तळं साचायला लागलं होतं.

गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला हाक मारली. तो आला, बाहेरच्या भिंतीवरचा लॅबचा मेन स्विच खाली ओढलेला दाखवला आणि छाती फुगवून म्हणाला, "मैंच गिराताऊँ साब, रोज शाम को. तीस साल बेगम बाजार में गोदाम संभाला मैं. शटर गिरा, मेन गिरा, सेठ ऐसाच सिखाया. आग लगी तो पूरी गली जाती. सुबह आप लोगां आने से पहले उठा देताऊँ. इतवार को कोई नै आता, तो शनिच्चर से सोमवार गिराकोइच रखताऊँ. एक दिन नागा नै किया साब."

त्याला वाटलं, शाबासकी मिळणार. आणि सरांनी खरंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

गार पाण्यात पट्टी विरघळत नाही, नुसती पडून राहते. रोज रात्री आणि प्रत्येक रविवारी ती तशीच पडून होती. म्हणजे माझे बारा आठवडे बारा नव्हतेच. सरांच्या पोटावरचे सात खरे होते, बकऱ्यांचे सात खरे होते. उद्या बाबांच्या खांद्यात ती पट्टी बसणार, सातव्या आठवड्यात तुटणार, अर्धवट जुळलेली दोरी पुन्हा फाटणार, आणि दुसऱ्यांदा शिवायला तिथे काही उरलेलं नसणार. एक रविवार. मी एकच रविवार आले असते तर हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं!

सरांनी ऑफिसातून मालकांना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "थांबवतो म्हणाले. तुम्ही घरी जा."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! ऑपरेशन थांबलं, म्हणजे बाबांना काही सांगायलाच नको. डबा घेऊन गेले, मटारची उसळ वाढली, इकडचं तिकडचं बोलले आणि घरी आले.

सोमवारी सकाळी बाबांना घरी आणायला हॉस्पिटलात पोचले आणि बघते तो काय! ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर, त्यावर बाबा, खांदा औषधानं पिवळा रंगवलेला. मालक सुटाबुटात, शेजारी परदेशी कंपनीचे दोन गोरे पाहुणे, खास हे बघायला आलेले. थांबवलं नव्हतंच. मालकांनी सरांना फक्त "हो" म्हणून गप्प केलं होतं. बाबा माझ्याकडे बघून हसले, डाव्या हाताची मूठ झेंडी धरल्यासारखी वर केली.

बोल ना, बोल! मी स्वतःला म्हणत होते. एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य "मी रविवारी गेले नाही" इथूनच सुरू होत होतं. माझ्या जन्मदात्याला माझ्यासमोर आत ढकलत होते आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. त्या दिवशी बाकी कुणाचाही नाही बसला एवढा धक्का मला माझाच बसला.

तेवढ्यात सर्जनच्या मदतनिसानं पट्टीची दोन सीलबंद पाकिटं आणली. मालकांच्या शब्दाची खातरजमा करायला सरही येऊन पोचले होते; कंपनीचा माणूस म्हणून नंबर तपासायला ती त्यांच्या हातात दिली. दोनच होती, तिसरं नव्हतं. सरांनी नंबर वाचला. चष्मा वर केला. मग पहिलं पाकीट टर्रकन फाडलं, उघड्या हातानं पट्टी बाहेर ओढली आणि तिथे उभ्या उभ्या ताणली. मग दुसरंही.

कुणाला काही कळेचना. नर्स किंचाळली. हात लागलेली पट्टी आता कुणाच्याही शरीरात जाणार नव्हती. मालकांचा चेहरा लालेलाल. "सार! आर यू मॅड?"

"टाकी रोज थंड होत होती," सर सर्जनना म्हणाले. "पट्टी सात आठवड्यांवर टिकत नाही. लॅब माझी, बघायला मी हवा होतो. बघितलं नाही." बाबांच्या स्ट्रेचरकडे वळून हात जोडले. "माफ करा तुम्ही." माझ्याकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही.

सर्जननं त्या दिवशी नुसतं शिवलं. बाबांचा हात खांद्याइतका वर जायला लागला, त्यापुढे नाही. भांग पाडता येतो, झेंडी दाखवता येत नाही. फायलीच लावत राहिले. सरांना त्याच संध्याकाळी कंपनीतून काढलं. आणि आमच्या घरी काय? रोज रात्रीच्या जेवणाला बाबांचं एकच, "तुझ्या त्या येड्या सरानं घालवली माझी झेंडी. बाटल्या बांधून फिरतो, साला!" मी ताटात बघून जेवायची. कसा उतरायचा तो घास, माझं मला ठाऊक.

दोन आठवडे हे सोसलं आणि बरकतपुऱ्यात सरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. सर गच्चीत होते. ग्रिलला बेगम बाजारातून आणलेला, पोती तोलायचा काटा टांगलेला, खाली आकड्यात पट्टी अडकवलेली. पोटाला बाटली होतीच. मी पायरीवर बसून रडले, सगळं बोलून टाकलं.

सर काट्यावरची धूळ पुसत होते. "तुमच्या रविवारांमुळेच तर कळलं," म्हणाले. "तुम्हाला नीट खोटं लिहिता आलं असतं, एखादा सदतीस पॉइंट दोन टाकला असता, तर मला शंकाच आली नसती. तुमच्या वडिलांच्या खांद्यात ती पट्टी गेली असती."

हे ऐकून मी रडायचीसुद्धा थांबले. मला वाटलं होतं ओरडतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील.

"नवीन पट्टी केलीय," ते पुढे म्हणाले. "पण माझं पोट आता म्हातारं झालं, पूर्वीसारखी ऊब धरत नाही. ही तुम्ही बांधा. रविवारीसुद्धा."

बांधली. काकूंनी माझ्या मापाचा पट्टा शिवून दिला. आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "आता होतंय हिचं लग्न!" बाबा नुसते त्या बाटलीकडे बघत राहायचे. असे आठ आठवडे गेले. आठव्या रविवारी मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलंच, "हे काय खूळ लावून घेतलंस तू त्या माणसाचं?"

मग मी दारात उभ्यानंच सांगितलं. बारसं, रजिस्टर, मटार, हॉस्पिटलातली माझी गप्प जीभ, सगळं. माझं संपल्यावर बाबा उठले, चपला घातल्या. "चल. मलाही ने."

सर बाबांना बघून गडबडले, पुन्हा हात जोडायला लागले. बाबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. मी बाटलीतून पट्टी काढली, सरांनी ती काट्याला अडकवली. "मी ओढतो," बाबा म्हणाले आणि डाव्या हातानं पट्टीच्या खालच्या टोकाला बांधलेला दांडा धरला. हळूहळू ओढायला लागले. काटा थोडासाच सरकला असेल नसेल, तोच पट्टी तट्कन तुटली. बाबांच्या हातात तुकडा राहिला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या उजव्या खांद्याकडे.

"माझ्यात घालणार होते ती याच्यापेक्षा मजबूत होती का?"

"कच्ची होती," सर म्हणाले.

बाबांनी तो तुकडा खिशात घातला. मग उजवा हात उचलला, जेवढा जातो तेवढाच, खांद्याइतका, आणि सरांच्या पाठीवर ठेवला. "सर, तुम्ही त्या दिवशी बराबर झेंडी दाखवली," म्हणाले. "लाल."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्यावर डाफरले, आयुष्यात पहिल्यांदाच. "बघत काय बसलात? लिहा!"

मी वही उघडली. आठवा आठवडा, तुटली, असं लिहिलं, आणि पुढे वार घातला, रविवार.